कोपऱ्यावरचें दुकान

नाताळ हा कांहीं आमच्या घरचा सण नव्हे. त्या दिवसांत आमच्याकडे धुंधुरमास चालू असतो. पहांटे उठून मुगाची खिचडी आणि बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा, हा आमचा उत्सव. तरी पण २४ डिसेंबरच्या रात्रीं जेवणें आटोपलीं कीं आमच्या घरीं एक ठराविक कार्यक्रम गेलीं वीसेक वर्षें होत आला आहे. दिवाणखान्यांत सतरंजी पसरली जाते, लहान मुलें पांघरुणें घेऊन पुढें बसतात, वडील मंडळी मागें खुर्च्यांवर बसतात, आणि आम्ही सारे मिळून एक जुना इंग्रजी बोलपट पाहतों. दरवर्षीं तोच. ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हें त्याचें नांव; मराठींत ‘कोपऱ्यावरचें दुकान’ म्हणावें.

बोलपट १९४० सालचा, कृष्णधवल, जेमतेम शंभर मिनिटांचा. २००३ सालीं माझा पुतण्या नाताळच्या सुट्टींत अमेरिकेहून आला, तेव्हां त्यानें ही तबकडी बरोबर आणली. तिकडे म्हणे कित्येक कुटुंबांत नाताळांत ठराविक चित्रपट पाहण्याचा परिपाठच पडून गेला आहे. (जेम्स स्टुअर्टचा १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा त्यांतला अग्रेसर. त्याचे हक्क नूतनीकरणाअभावीं १९७४ सालीं सुटले, दूरचित्रवाणीच्या केंद्रांना तो फुकट हातीं लागला, आणि म्हणून तो घरोघर पोंचला. रूढी कशा पडतात याचा शोध घेऊं लागल्यास पुष्कळदां असेंच कांहीं तरी निघतें.) आमच्याकडे स्टुअर्टचाच, पण त्याच्या आधींचा हा दुसरा बोलपट रुजला. पुतण्याच्या आग्रहाखातर पहिल्या वर्षीं पाहिला. दुसऱ्या वर्षीं वहिनींनीं मागून घेतला. तिसऱ्या वर्षापासून तो कुळाचार झाला.

ज्यांनीं तो पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं कथा थोडक्यांत सांगतों. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. तेथें माटुशेक नांवाच्या गृहस्थांचें चामड्याचीं पाकिटें, पिशव्या, प्रवासी पेट्या असल्या वस्तूंचें एक लहानसें दुकान आहे. मालक, पांच-सहा नोकर आणि निरोप पोंचविणारा एक चुणचुणीत पोऱ्या, एवढाच सारा संसार. त्यांतला मुख्य विक्रेता आल्फ्रेड क्रालिक. नऊ वर्षें तेथें घालविलेला. एके दिवशीं क्लारा नोव्हाक नांवाची मुलगी नोकरी मागत येते. जागा नाहीं असें क्रालिक तिला सांगतो. आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती एका गिऱ्हाइकाच्या गळ्यांत एक वाजणारी सिगारेटची पेटी मिठाईची पेटी म्हणून बांधते. झांकण उघडलें कीं सूर वाजावे, आणि सूर वाजले कीं आपण मिठाई फार खात आहोंत याची आठवण व्हावी, असा तिचा युक्तिवाद! हीच पेटी खपणार नाहीं असें क्रालिकनें मालकांना नुकतेंच बजावलेलें असतें. क्लाराला नोकरी मिळते, आणि त्या दिवसापासून दोघांचें जें बिनसतें तें बिनसतेंच.

इकडे दोघांचाहि वर्तमानपत्रांतील जाहिरातीवरून कोणा अनोळखी व्यक्तीशीं पत्रव्यवहार चालू आहे. नांव नाहीं, गांव नाहीं. टपालकचेरींतील एका पेटीचा क्रमांक हीच काय ती खूण. पत्रांत साहित्य आहे, संस्कृति आहे, मनांतले नाजूक विचार आहेत. दिवसा दुकानांत एकमेकांचे दोष मोजावयाचे आणि रात्रीं घरीं बसून त्या अज्ञात सुहृदाला ‘प्रिय मित्र’ म्हणून लिहावयाचें. तो सुहृद म्हणजे काउंटरपलीकडचें तेंच नकोसें माणूस, हें प्रेक्षकांच्या ध्यानांत लवकरच येतें. क्लाराच्या ध्यानांत यावयास मात्र नाताळची रात्र उजाडावी लागते.

एवढी कथा ठाऊक असतां पुन्हा पुन्हा काय पाहावयाचें, असा प्रश्न आमच्या शेजारच्या एका निवृत्त प्राध्यापकांनीं मला विचारला होता. मी त्यांना म्हटलें, सीता शेवटीं मिळते हें ठाऊक असूनहि आपण रामायण ऐकतोंच कीं नाहीं? ते हंसले, पण माझें उत्तर माझें मलाच पुरें वाटलें नाहीं. खरें सांगावयाचें तर पहिल्या वेळीं मीं हा बोलपट पाहिलाच नव्हता. केवळ त्याचें कथानक पाहिलें. पुढें काय होतें याची उत्सुकता संपल्यावर मग माणसें दिसूं लागलीं.

उदाहरणार्थ, पिरोविच. हा दुकानांतला एक सज्जन, बायकामुलांचा, नोकरीला जिवापाड जपणारा कारकून. मालकांनीं कोणाला ‘तुमचें प्रामाणिक मत सांगा’ असें म्हटलें कीं तो जिना चढून अदृश्य झालाच म्हणून समजावें! पहिल्या वेळीं ही गंमत मला एकदांच दिसली होती. तिसऱ्या वर्षीं पाहतों तों ती किती वेळां घडते! क्रालिक त्याला एकदां विचारतो कीं लग्न करून संसार थाटावयाचा तर खर्च किती येईल. पिरोविच त्याला हिशेब सांगतो: जेवणाच्या वेगळ्या खोलीची गरज काय? पाहुणा जेवावयास आला तर? अहो, खरा मित्र असेल तो जेवणानंतरच येईल! आमच्या वहिनी हें वाक्य आलें कीं दरवर्षीं पदर तोंडाला लावून हंसत. चाळीस वर्षें आल्यागेल्याचें ताट वाढलेल्या बाईच्या त्या हंसण्यांत काय काय होतें हें त्यांनाच ठाऊक.

दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच हा १८९२ सालीं बर्लिनमध्यें जन्मला. वडील कपड्यांचे व्यापारी. मुलानें त्यांच्या दुकानांत कांहीं दिवस काम केलें, पण त्याचें मन नाटकांत. १९२२ सालीं तो अमेरिकेस गेला आणि राजेरजवाड्यांच्या प्रणयलीला दाखविणारे झकपक बोलपट काढून त्यानें नांव मिळविलें. हा बोलपट मात्र अगदीं साधा. बहुतेक हकीकत एका दुकानांत. त्यांतहि मालाच्या खोलींत किंवा दाराशीं. नोकर सकाळीं दुकानाबाहेर मालकांची वाट पाहत उभे असतात ते, किंवा गिऱ्हाईक आलें असतां चेहरा कसा पालटतो तें, हें ज्यानें लहानपणीं दुकानांत घालविलें आहे त्यालाच सुचावें. आपल्या बोलपटांपैकीं वातावरण आणि माणसें यांच्या खरेपणांत याच्या तोडीचा दुसरा नाहीं, अशा अर्थाचा अभिप्राय लुबिचनें १९४७ सालीं, म्हणजे मृत्यूच्याच वर्षीं, एका पत्रांत लिहून ठेवला आहे. मूळ नाटक मिक्लोश लास्लो या हंगेरियन लेखकाचें, १९३७ सालचें. त्यांत दुकान अत्तरांचें होतें. पुढें याच कथेवरून १९४९ सालीं एक संगीतप्रधान चित्रपट निघाला, १९६३ सालीं ‘शी लव्ह्ज मी’ हें संगीत नाटक आलें, आणि १९९८ सालीं ‘यू हॅव गॉट मेल’ या चित्रपटांत पत्रांच्या जागीं संगणकावरचे निरोप आले. आमच्या घरच्या तरुण मंडळींना हा शेवटचा अधिक रुचतो. मला त्यांत एक उणीव वाटते. त्यांतली नायिका दुकानाची मालकीण आहे. येथले क्रालिक आणि क्लारा पगारावर जगणारीं माणसें आहेत, आणि पगार गेला तर काय, ही भीति त्यांच्या प्रत्येक भांडणाच्या मागें उभी असते.

बोलपट जानेवारी १९४० मध्यें प्रदर्शित झाला. युरोपांत युद्ध पेटून चार महिने झाले होते. पिरोविचचें काम करणारा फेलिक्स ब्रेसार्ट १९३३ सालीं नाझींची सत्ता आल्यावर जर्मनी सोडून निघालेला ज्यू नट. दुकानांतला लबाड वाडास साकारणारा जोसेफ शिल्डक्राउट हा व्हिएन्नाचा. त्यानेंच पुढें १९५९ च्या चित्रपटांत ॲन फ्रँकच्या वडिलांची भूमिका केली. पडद्यावर मात्र युद्धाचा शब्दहि नाहीं. बर्फ पडतें आहे, दुकानें उजळलीं आहेत, लोक पुडकीं सांवरीत घरीं चालले आहेत. १९४४ सालच्या नाताळांत प्रत्यक्ष बुडापेस्टला वेढा पडला आणि तो पुढच्या फेब्रुवारीपर्यंत उठला नाहीं. हें वाचल्यापासून त्या खोट्या बर्फांतली ती माणसें मला अधिकच जवळचीं वाटूं लागलीं.

आतां मला जें सांगावयाचें आहे त्याकडे वळतों. क्लारा अनोळखी मित्राला भेटावयास कॅफेंत जाऊन बसते. खूण म्हणून ‘ॲना कॅरेनिना’ची प्रत आणि लाल फूल. त्याच दिवशीं क्रालिकची नोकरी गेलेली आहे. खिडकींतून पिरोविच पाहून सांगतो कीं ती मुलगी आपल्या क्लारासारखी दिसते, फार सारखी, क्लाराच आहे. क्रालिक आंत जातो, पण स्वतःची ओळख देत नाहीं. आणि क्लारा त्याला काय काय बोलते! हृदयाच्या जागीं तुमच्याजवळ पिशवी आहे, आणि बुद्धीच्या जागीं न पेटणारा सिगारेटचा लायटर, असें ती त्याला सुनावते. आणि ज्याच्या प्रतीक्षेंत ती हें बोलते तो समोरच बसलेला! दुसरे दिवशीं ती टपालकचेरींत जाते. पेट्यांच्या मागच्या बाजूनें आपण पाहतों: हातमोजा घातलेला एक हात रिकाम्या पेटींत चांचपतो, मग छोट्या चौकटींतून तिचा चेहरा दिसतो. कोणी कांहींहि बोलत नाहीं.

पत्र लिहितांना माणूस जणूं स्नान करून, स्वच्छ वस्त्र नेसून बसतो. रोजच्या माणसापुढें तो जसा असेल तसा येतो, आणि बहुधा दमलेला येतो. आपलें जें उत्तम तें आपण दूरच्याला पाठवितों आणि उरलेलें घरच्यांना वाढतों. माटुशेकचें तरी काय? पत्नीचें कोणाशीं तरी सूत आहे असें त्याला निनावी पत्रानें कळतें, आणि ज्याला मुलासारखें वागविलें त्या क्रालिकवर तो संशय घेतो. नऊ वर्षें रोज पाहिलेला माणूस त्याला ओळखतां येत नाहीं. खरा अपराधी वाडास हें समजतें तेव्हां तो जीव द्यावयास निघतो. निरोप्या पोऱ्या वेळेवर पोंचतो म्हणून वांचतो.

हें मला इतकें लागण्याचें कारण घरचेंच आहे. नोकरीनिमित्त मी अठरा वर्षें नागपुरास होतों. त्या अठरा वर्षांत माझे थोरले बंधु, आमचा दादा, मला दर पंधरवड्यास पत्र लिहीत असे. काय तीं पत्रें! वाचलेल्या पुस्तकांवर, आईच्या आजारावर, परसांतल्या आंब्यावर चार चार पानें. तीं सर्व मीं जपून ठेविलीं आहेत. निवृत्त होऊन मी पुण्यास आलों, वरच्या मजल्यावर दादा आणि खालीं आम्ही असे राहूं लागलों, आणि पत्रें अर्थातच थांबलीं. तेव्हांपासून आम्हां उभयतांत जें संभाषण होतें तें मुख्यतः दोन विषयांवर: रात्रीं फाटकाची कडी कोणीं लावावयाची, आणि वर्तमानपत्र प्रथम कोणीं वाचावयाचें. पत्रांतला दादा आणि जिन्यावरचा दादा एकच, हें मला कित्येक दिवस पटवून घ्यावें लागलें. त्यालाहि माझ्याविषयीं तेंच वाटत असावें.

वहिनी गेल्या त्याला आतां तीन वर्षें झालीं. त्यानंतर दादानें आपलें ताट वर पाठवावयास सांगितलें. आम्हीं त्याचा अर्थ असा लावला कीं त्याला एकांत हवा आहे. सौ. नें एकदोनदां आग्रह केला. त्यानें ‘राहूं दे’ म्हटलें. आणि आम्ही राहूं दिलें.

बोलपटाच्या शेवटीं एक प्रसंग आहे. नाताळची आदली संध्याकाळ. दुकानाचा गल्ला १९२८ नंतर कधीं झाला नव्हता एवढा झालेला आहे. माटुशेक रुग्णालयांतून उठून आला आहे. घरीं वाट पाहणारें कोणी नाहीं. दुकान बंद करून एकेक नोकर बाहेर पडतो, आणि हा म्हातारा बर्फांत पदपथावर उभा राहून प्रत्येकाला सहजच विचारल्यासारखें विचारतो, ‘आज आपला बेत काय?’ कोणाला घरीं आई आहे, कोणाला बायकामुलें, कोणाला आणखी कोणी. प्रत्येकाच्या उत्तरावर तो ‘छान, छान’ म्हणतो. अखेर नवा ठेवलेला सतरा वर्षांचा पोऱ्या रूडी बाहेर येतो. त्याचें या शहरांत कोणीच नाहीं. मग माटुशेकचा चेहरा पाहावा! सफरचंदें भरून भाजलेला हंस, काकडीची कोशिंबीर, वर गोड पक्वान्न, अशी जेवणाची यादी सांगत तो त्या पोराला भाड्याच्या गाडींतून घेऊन जातो. आमच्या शाकाहारी घरांत त्या हंसावर मुलें दरवर्षीं नाक मुरडतात, पण यादी सर्वांना पाठ आहे.

गेल्या २४ डिसेंबरला पुतण्या येणार नव्हता. त्याला रजा मिळाली नाहीं. दुपारीं चारच्या सुमारास दादा खालीं उतरला. स्वयंपाकघराच्या दाराशीं उभा राहून त्यानें सौ. ला विचारलें, ‘आज संध्याकाळीं कुठं जायचंय का?’ ती म्हणाली, ‘भाऊजी, माहेरीं केळवण आहे, यायला दहा वाजतील.’ ‘बरं, बरं.’ मग सूनबाईला विचारलें. ती मुलांना घेऊन मैत्रिणीकडे निघाली होती. ‘बरं, बरं.’ मग ओट्यावर येऊन मला विचारलें. मला एका व्याख्यानाचें निमंत्रण होतें. तो म्हणाला, ‘बरं. येतांना कडी लाव,’ आणि वर गेला.

व्याख्यान मधुमेहावर होतें आणि वक्ते चांगले बोलत होते. अर्ध्या तासानें त्यांनीं श्रोत्यांना कांहीं तरी प्रश्न विचारला, हात वर करावयास सांगितले. आणि तेव्हां एकाएकीं मला आमच्या ओट्यावरचा दादा दिसला, अंगांत मळकट स्वेटर, एक हात खांबावर. वीस वर्षें ज्या प्रसंगीं डोळे पुसले तो प्रसंग माझ्याच घरीं, माझ्याशींच घडला, आणि मी त्यांतल्या दुसऱ्या कोणा नोकरासारखें उत्तर देऊन मोकळा झालों होतों. मी उठलों. वाटेंत जिलबी घेतली. वरच्या मजल्यावर दिवा होता. ताट झांकलेलें तसेंच होतें.

त्या रात्रीं आम्ही दोघांनींच बोलपट पाहिला. माटुशेकचा प्रसंग आला तेव्हां दादा माझ्याकडे न पाहतां म्हणाला, ‘ही तुझ्या वहिनीची आवडती जागा.’ मला इतकीं वर्षें वाटत होतें कीं त्यांची आवडती जागा ती जेवणाच्या खोलीची. मी तसें म्हणालों. ‘ती हंसायची जागा,’ दादा म्हणाला. शेवटीं क्रालिक कोटाला लाल फूल लावतो, आपणच तो मित्र असें सांगतो, आणि क्लाराच्या आग्रहाखातर आपले पाय वांकडे नाहींत हें विजार वर करून दाखवितो, तेथपर्यंत आम्ही जागे होतों. मग कडी कोणीं लावावयाची यावरून थोडें झालें.

चार दिवसांनीं टपालानें मला एक अंतर्देशीय पत्र आलें. पत्त्यावर आमच्याच घराचें नांव, आणि अक्षर ओळखीचें. ‘चि. बाळ यास अनेक आशीर्वाद’ असा मायना. आंत परसांतल्या आंब्याला यंदां मोहर लवकर आल्याचें वर्तमान होतें, हल्लीं वाचीत असलेल्या एका चरित्रग्रंथावर दीड पान होतें, आणि शेवटीं दोन ओळी: वर एकट्याला अन्न गोड लागत नाहीं, तरी ताट खालींच वाढावें, मात्र वर्तमानपत्र सकाळीं प्रथम मला मिळावें.

मीं त्याच दिवशीं ‘ति. दादा यांस सा. न. वि. वि.’ असें लिहून दोन्ही अटी मान्य केल्या आणि पत्र पेटींत टाकलें. तें अद्यापि त्याला पोंचलेलें नसावें. काल रात्रीं तो आमच्याबरोबर पाटावर जेवावयास बसला, पण आज वर्तमानपत्र पहांटेसच फाटकाशीं जाऊन त्यानें स्वतः उचललें, आणि मला तें नऊ वाजल्यानंतर मिळालें.